गिऱ्हाईक आणि पहारेकरी

गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच निम्म्या वाटेवर आली की डाव्या हाताला एक बुटकं, हिरवं बेट लागतं. त्यावर गोल टाक्या, आणि पाण्यात लांबवर गेलेल्या धक्क्यांना टेकलेले टँकर. कागदावर त्याचं नाव जवाहर द्वीप. बंदरातले जुने लोक अजून बुचर आयलंडच म्हणतात. परदेशातून आलेलं कच्चं तेल इथे उतरतं आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या पाइपातून माहुलच्या दोन रिफायनऱ्यांकडे जातं.

जहाज धक्क्याला लागलं की लगेच पंप सुरू होत नाही. आधी मोजमाप. प्रत्येक टाकीत फीत सोडतात आणि टाकीच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची रिकामी उंची घेतात. मग तेलाचं तापमान, तळाला साठलेलं पाणी, आणि वर, मध्ये, खाली अशा तीन थरांतले नमुने. तापमानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण कच्चं तेल एका अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं. जहाजात १० लाख पिंपं असतील तर थर्मामीटरमधल्या एका अंशाच्या चुकीने ८०० पिंपांचा हिशेब इकडचा तिकडे होतो. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. जहाजाचा अधिकारी, रिफायनरीचा माणूस आणि तिऱ्हाईत सर्व्हेयर अशा तिघांचे आकडे जुळावे लागतात. नाही जुळले तर निषेधाचं पत्र लिहून कागद पुढे सरकतात, आणि जहाज ठरल्यापेक्षा जास्त थांबलं तर डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढू लागतं. हे सगळं भरती-ओहोटी सांभाळून करायचं. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटरने वर-खाली होतं, आणि फार मोठं जहाज पूर्ण भरून आत येऊच शकत नाही.

त्या कागदांत एक बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजात माल चढवल्याची पावती, असतं. माल कुठे भरला याची त्यात एक ओळ असते: बसरा, रास तनुरा, नोव्होरोसिस्क. ज्या देशांचा संसार तेलावर चालतो त्यांचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायला ही एक ओळ फार उपयोगी पडते. तेल विकणारा देश जगाला धमकावतो, नळ बंद करतो, असं चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर दिसतं ते वेगळंच. तेलवाल्या देशाला दोन माणसांची कायम गरज असते. एक, न चुकता माल उचलणारं गिऱ्हाईक. दुसरा, विहिरीवर नजर ठेवणारा पहारेकरी. त्याचे दूतावास, कर्जं, देणग्या, मध्यस्थ्या यांतलं बरंचसं या दोघांच्या शोधातून आलेलं असतं.

याचं मूळ उत्पन्नात आहे. शेतसारा किंवा आयकर घेऊन चालणाऱ्या सरकारला आपल्या लोकांशी सतत घासाघीस करावी लागते. तेलाचा पैसा मात्र बाहेरून, डॉलरमध्ये, मोजक्या खरेदीदारांकडून येतो. कर मागावा लागत नाही, म्हणून घरातल्या माणसांना फार विचारावं लागत नाही. उलट बाहेरच्यांचं मन राखावं लागतं. अशा देशात परराष्ट्र खातं हेच खरं महसूल खातं होऊन बसतं.

गिऱ्हाईक सहज बदलता येत नाही, याचं कारण रसायनात आहे. कच्चं तेल हा एकच पदार्थ नव्हे. बॉम्बे हायचं तेल हलकं, गंधक अगदी कमी, मेण मात्र जास्त. सौदीचं अरब लाइट मध्यम, त्यात गंधक दोन टक्क्यांच्या आसपास. व्हेनेझुएलाचं मेरे डांबराच्या जवळ जाणारं, जड. रिफायनरी बांधताना कोणत्या जातीचं तेल खाणार हे ठरवून तिचे मनोरे, भट्ट्या आणि गंधक काढणारी युनिटं बसवतात. हलक्या तेलासाठी बांधलेल्या रिफायनरीत जड तेल घातलं तर पेट्रोल-डिझेल कमी निघतं आणि तळाला फर्नेस ऑइलचा गाळ उरतो. त्याला भाव नाही. गंधक जास्त असेल तर नळ्या आतून खाल्ल्या जातात. थोडंफार मिसळून चालवता येतं, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून तीस वर्षं चालणारी रिफायनरी एका जातीच्या तेलावर बांधणं म्हणजे तीस वर्षांचा करारच. विकणाऱ्यांना हे फार लवकर कळलं होतं.

मुंबईला आखाताची ओळख तेलाच्या आधीपासूनची. १८७३ पर्यंत इराणी आखातातला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, मुंबई सरकारच्या हाताखाली काम करायचा. बहारीन-कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, लाकूड तिकडे जायचं. मग जपानी संवर्धित मोती आले, जगात मंदी आली आणि तो धंदा बसला. नेमक्या त्याच दशकात बहारीनला १९३२ मध्ये आणि कुवेत व सौदी अरेबियात १९३८ मध्ये तेल लागलं. बाजार मुंबईचा, चलनही मुंबईचंच होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे भारतीय रुपयाच चालायचा.

त्या रुपयाची गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे. आखातात रुपया चाले, म्हणून तिथे गेलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेला पौंड देऊन परत घ्याव्या लागत. सोन्याच्या तस्करांनी याचा फायदा उठवला. इथून नोटा तिकडे न्यायच्या, तिकडून सोनं आणायचं, आणि नोटांचं ओझं शेवटी भारताच्या परकीय गंगाजळीवर टाकायचं. हे थांबवायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी तीच, रंग निराळा, आणि क्रमांकाच्या आधी ‘झेड’ अक्षर. दहाची नोट लाल होती. भारतात ती चालत नसे. मग तेलाचा पैसा वाढला, तसं एकेका राज्याने स्वतःचं चलन काढलं. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला, बहारीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा कतार आणि दुबईने आपला पैसा एका रात्रीत एवढा घसरू देण्याला नकार दिला आणि रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत राहिला. सार्वभौमत्व हा शब्द मोठा आहे. आखातात तो पहिल्यांदा खिशातल्या नोटेवर दिसला, आणि तो मुंबईपासून सुटण्याचा क्षण होता. आपल्याकडे हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पहाऱ्याचा प्रश्न कुवेतइतका नागडा कुठेच दिसत नाही. जून १९६१ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि आठवड्याभरात इराकने ‘हा आमचाच भाग’ म्हणून दावा ठोकला. १ जुलैला ब्रिटिश फौजा पुन्हा उतरल्या. त्याच वर्ष संपताना कुवेतने अरब देशांना विकासासाठी कर्ज देणारा सरकारी निधी काढला. ज्या देशाला अजून संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली नव्हती, तो शेजाऱ्यांना कालवे आणि रेल्वेसाठी कर्ज देत होता. जागा मिळाली १९६३ मध्ये. त्याच वर्षी बगदादमध्ये सत्ता पालटली, नव्या सरकारने कुवेतला मान्यता दिली आणि कुवेतने त्याला मोठं कर्ज दिलं. पुढे इराण-इराक युद्धात कुवेतची जहाजं मार खाऊ लागली. तेव्हा कुवेतने संरक्षणासाठी एकाच वेळी मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघांचं दार वाजवलं. सोव्हिएत येतायत म्हटल्यावर अमेरिका हलली, आणि १९८७ मध्ये कुवेतच्या ११ टँकरांवर अमेरिकेचा झेंडा चढला. लहान देशाने इतकं अचूक राजकारण केल्याची उदाहरणं थोडी आहेत.

तरीही २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आत आलेच. इराकच्या तक्रारींत तेलच होतं: कुवेत ‘ओपेक’ या तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने ठरवलेल्या कोट्याबाहेर उपसा करून भाव पाडतोय, रुमैलाच्या सामाईक साठ्यातून जास्त ओढतोय, आणि युद्धातली कर्जं माफ करत नाही. दिलेलं कर्ज कर्जदाराला बांधून ठेवतं हा कुवेतचा हिशेब होता. कर्जदाराच्या हातात रणगाडे असतील तर तेच कर्ज हल्ल्याचं कारण होतं, हे तेव्हा कळलं.

त्या हल्ल्याची झळ सर्वात आधी मुंबईने पाहिली. कुवेत-इराकमधले सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे परत आणले गेले, आणि सहारला एकामागून एक विमानं उतरत होती. आपलं सरकार त्या वेळी बगदादशी तोडून बोलू शकत नव्हतं, कारण माणसं अडकलेली होती. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल यांनी सद्दाम हुसेन यांची गळाभेट घेतली तो फोटो जगभर गाजला आणि कुवेतला तो अनेक वर्षं सलला. त्या भेटीवर टीका करणं सोपं आहे. लाखभर माणसांच्या सुटकेची किल्ली एकाच माणसाच्या हातात असताना दुसरा कोणता मार्ग होता, हे टीकाकारांनी सांगितलेलं आठवत नाही. तेलाचा भाव भडकला, आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या, परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतून जवळपास ४७ टन सोनं गाड्यांत भरून विमानतळावर नेलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. तेल विकणाऱ्या दोघांच्या भांडणाची किंमत तेल घेणाऱ्या तिसऱ्याच्या घरातल्या सोन्याने मोजली गेली.

गिऱ्हाइकाच्या ताकदीचा किस्सा मात्र माहुलचाच आहे. तिथल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५४-५५ मध्ये परदेशी कंपन्यांनी उभारल्या. एक स्टॅनव्हॅकची, दुसरी बर्मा-शेलची. करारात त्यांनी एक कलम घालून घेतलं होतं: कच्चं तेल कुठून आणायचं ते कंपनी ठरवील. साहजिकच ते त्यांच्याच आखाती विहिरींतून, त्यांनीच लावलेल्या भावाने येई. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं आणि ते रुपयांतही घ्यायची तयारी दाखवली. तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना ते शुद्ध करून द्यायला सांगितलं. कंपन्यांनी साफ नकार दिला. त्याच उन्हाळ्यात क्यूबातही हाच पेच पडला होता. तिथे नकार देणाऱ्या रिफायनऱ्या कॅस्ट्रो सरकारने थेट ताब्यात घेतल्या. दिल्लीने ते केलं नाही. तिने ते स्वस्त तेल बोलण्याच्या टेबलावर नुसतं ठेवून दिलं, आणि कंपन्यांना आपल्या तेलाचे भाव उतरवावे लागले. शिवाय नव्या सरकारी इंडियन ऑइलने सोव्हिएत रॉकेल आणि डिझेल स्वतः आणायला सुरुवात केली. एक थेंबही सोव्हिएत कच्चं तेल माहुलला न उकळता भाव उतरला. त्याच वर्षी कंपन्यांनी आखातातलेही जाहीर भाव कापले, त्यावर चिडलेले पाच देश सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला जमले आणि ओपेक जन्माला आली. त्या कपातीमागे अनेक कारणं होती. बाजारात ओतलं जाणारं सोव्हिएत तेल त्यातलं एक होतं.

अरब-इस्रायल युद्धातल्या १९७३ च्या तेलबंदीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे थोडक्यात. अरब देशांनी दरमहा ५ टक्के उत्पादनकपात आणि अमेरिका-नेदरलँड्सवर बंदी जाहीर केली. बंदी फारशी लागू झाली नाही, कारण समुद्रात निघालेलं तेल कोणाकडे वळेल यावर ताबा राहत नाही. लागू झाला तो भाव: पिंपामागे ३ डॉलर होता, जानेवारी १९७४ मध्ये ११.६५. तो मित्र-शत्रू सगळ्यांनाच लागला. भारत अरबांच्या बाजूचा असूनही सवलत मिळाली नाही. मुंबईत १९५३ पासून इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता आणि दिल्लीत राजदूत मात्र नव्हता, हे त्याच काळातलं. त्यामागे एकटं तेल नव्हतं. पॅलेस्टाइनबद्दलची जुनी भूमिका होती, काश्मीरवर अरब मतं पाकिस्तानकडे झुकू नयेत ही चिंता होती, आखातात काम करणारी माणसं होती. पण यातल्या प्रत्येक कारणाला तेलाचा वास होताच. पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये. आणि चढ्या भावाने विकणाऱ्यांचंच नुकसान केलं. उत्तर समुद्र, अलास्का, यांसारखं महागडं तेल काढणं परवडू लागलं. समुद्रात विहीर खणणाऱ्या आपल्या ‘सागर सम्राट’ला बॉम्बे हायमध्ये फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं आणि मे १९७६ मध्ये ते निघूही लागलं. नळ आवळला की शेजारी विहीर खणतो.

आता पैशाच्या वाटेकडे. तेल घेणं सोपं, त्याचे पैसे पोचवणं अवघड, हे निर्बंधांखालच्या इराणच्या बाबतीत जितकं दिसलं तितकं कुठेच नाही. पूर्वी हे व्यवहार तेहरानला मुख्यालय असलेल्या आशियाई क्लिअरिंग युनियन या देशादेशांतले हिशेब मिटवणाऱ्या संस्थेतून व्हायचे. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने ती वाट बंद केली. मग हॅम्बुर्गमधल्या एका बँकेतून पैसे जाऊ लागले, तिच्यावर युरोपचे निर्बंध आले. मग तुर्कस्तानची हल्कबँक, तीही अडली. २०१२ पासून कोलकात्याच्या युको बँकेत इराणच्या नावे रुपयांचं खातं उघडलं, आधी ४५ टक्के बिलासाठी, पुढे त्याहून जास्त. त्या रुपयांतून इराण भारतातलीच वस्तू घेऊ शकत होता: बासमती, चहा, औषधं. जगातले सर्वात मोठे तेलसाठे ज्या देशांकडे आहेत त्यांपैकी एक देश आपल्या कमाईचे पैसे हरयाणाच्या तांदळात खर्च करत होता. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत काढली आणि आयातच थांबली.

२०२२ नंतर रशियाशी नेमकं हेच उलट्या अंगाने झालं. भारताच्या तेलआयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आत होता, तो वर्ष-दीड वर्षात तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांत व्यापाराची सोय केली. पण भारत रशियाला विकतो थोडं आणि घेतो फार, म्हणून रुपये साचत गेले. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी उघडच सांगितलं की आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरायची वाट सापडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलावरून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. घासाघीस करताना दिल्लीच्या मनात कोणता आकडा असतो तो सोपा आहे: वर्षाला सुमारे २३ कोटी टन कच्चं तेल, म्हणजे १७० कोटींच्या आसपास पिंपं. पिंपामागे एक डॉलर चढला की वर्षाला १७० कोटी डॉलर गेले.

कतारने पहाऱ्याचा वेगळा तोडगा काढला. सगळ्यांच्या उपयोगी पडायचं. अमेरिकेला हवाई तळ द्यायचा आणि तालिबानला बोलण्यासाठी दोहात खोल्याही द्यायच्या. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी त्याची नाकेबंदी केली, साडेतीन वर्षं टिकली. त्या काळात कतारचं द्रवरूप गॅस नेणारं एकही मोठं गिऱ्हाईक सुटलं नाही. गुजरातेत दहेज बंदरात उतरणारा गॅस त्यातलाच.

विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याचा सर्वात मोठा प्रयत्न मात्र आपल्या कोकणात झाला. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक मिळून रत्नागिरीतल्या नियोजित रिफायनरीत निम्मी भागीदार झाली, उरलेली निम्मी तीन भारतीय सरकारी कंपन्यांची. क्षमता वर्षाला ६ कोटी टन. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या मिळून सव्वादोन कोटींच्या आत येतात, यावरून अंदाज यावा. रियाध आणि अबू धाबीच्या बाजूने हिशेब स्वच्छ होता. विजेच्या गाड्या वाढतील, युरोप कमी तेल घेईल, मग पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्याच जातीचं तेल खाणारी भट्टी ज्याच्या दारात उभी, तो ग्राहक हातातून जाणार नाही.

ती भट्टी ज्या जमिनीवर उभी राहायची तिची माणसं या हिशेबात कुठेच नव्हती. नाणारच्या ग्रामसभांनी ठराव केले, आंबा-काजूच्या बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, आणि मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. मग जागा बारसू-सोलगावला सरकली. तिथल्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत. एप्रिल २०२३ मध्ये माती तपासायला गाड्या आल्या तेव्हा भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांनी त्यांना उचलून बाजूला केलं, आणि त्या परत येऊन झोपल्या. रियाधमध्ये आखलेला आराखडा, दिल्लीत सही झालेला करार, आणि शेवटी राजापूर तालुक्यातला सातबारा, ज्यावर आजोबांच्या नावाखाली वीस-वीस वारसांची नावं आहेत आणि त्यांतले निम्मे लालबाग-परळला किंवा नालासोपाऱ्याला राहतात. गणपतीला ते गावी जातात तेव्हा ओटीवर बसून या जमिनीचंच बोलणं चालतं.